मागणं पुरं झालं

दुकानात शिरण्याआधी तो चपला बाहेर काढायचा. माझं दुकान म्हणजे काही देऊळ नव्हे. तळेऱ्याच्या नाक्यावर विजेच्या जळक्या मोटारी उघडून त्यांत नवी तार भरायचं काम मी करतो. जमिनीवर तांब्याच्या तारेचे तुकडे, काळं तेल आणि लोखंडाचा कीस पडलेला असतो. सुरुवातीला मी सांगून बघितलं, "गावकारानू, चपला घाला, पायाक काय तरी लागात." तो नुसता हसायचा. दुरुस्तीला आलेली एखादी पाण्याची मोटार दिसली की वाकून तिच्या पाठीवरून हात फिरवायचा, गाभण गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"ही पाणी वयर चडवतली मा?"

"चडवतली."

"आमच्या सड्यार?"

"सड्यार पण चडवतली. फक्त वीज व्हयी."

"ती येतली ओ," असं म्हणून तो बाकावर बसायचा आणि मी समोरच्या हॉटेलात दोन चहा सांगायचो.

देवगडच्या एस.टी.ला वेळ असला की तो यायचाच. प्रत्येक वेळी मोटार वेगळी आणि प्रश्न तोच. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला जन्मात एकच गोष्ट हवी असते आणि ती मागायचा त्याला कधी कंटाळा येत नाही. ऐकणाऱ्याला येतो. मी तर जातीचा फटकळ, गिऱ्हाइकं तसं तोंडावर सांगतात. एकदा वैतागून म्हणालो, "तुमी आदी वीज आणा, मगे मोटारीचा इचारा." त्यावर तो शांतपणे म्हणाला, "हंडो आदी घेतत, पाणी मागसून भरतत." मी चहावाल्यावर ओरडलो.

त्याची वाडी सड्यावर होती. सडा म्हणजे जांभ्याचा उघडा माळ, पावसाळ्यात हिरवा आणि एरवी तव्यासारखा तापलेला. गाव व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडे, तिथे वीज होती, नळ होते, देवळात पंखा होता. वाडी अलीकडे, आणि तिची विहीर सड्याच्या पायथ्याशी, व्हाळाच्या काठाला. विहिरीपासून घरांपर्यंत एक पाखाडी चढत जायची, उभी, दगडी पायऱ्यांची. पाणी बारमाही आणि गोड, पण ते खाली, आणि ते वर आणणाऱ्या बायका. व्हाळ ओलांडून चार खांब आले असते तर विहिरीवर मोटार बसली असती. विजेच्या हपिसात दर खेपेला एकच उत्तर मिळायचं, एवढ्याशा घरांसाठी खांब टाकणं परवडत नाही.

मी पहिल्यांदा त्या वाडीवर गेलो तेव्हा त्याच्या बायकोने गूळपाणी दिलं. उन्हातून चढून गेलो होतो, दोन पेले घटाघट प्यालो. तिसरा मागणार तेवढ्यात ती हंडा-कळशी घेऊन पाखाडीकडे निघालेली दिसली. मी पेला पालथा घातला. ती वळून म्हणाली, "प्या हो मिस्त्री, पाणी काय वायट नाय आमचा." एवढंच बोलून ती खाली उतरली.

आता गावकार म्हणजे कोण, हे सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. आमच्याकडे देवापुढे कोणीही उठून काही मागत नाही. मागण्याचा मान एका घराकडे असतो. त्या घरातला माणूस नारळ ठेवून, हात जोडून सगळ्यांच्या वतीने बोलतो. त्याला गाऱ्हाणं म्हणतात. तो एक वाक्य बोलतो, जमलेले लोक "व्हय म्हाराजा" म्हणतात, आणि म्हटलं की ते सगळ्यांचं झालं. याच्या घराकडे तो मान होता. कोणाची म्हैस हरवू दे, कोणाची होडी पहिल्यांदा पाण्यात जाऊ दे, पोरीचं लग्न ठरू दे, त्याला बोलावणं यायचंच. एरवी घोगऱ्या आवाजात पुटपुटणारा हा माणूस गाऱ्हाण्याला उभा राहिला की आवाज असा लागायचा की व्हाळाच्या पलीकडे ऐकू जाई.

त्यामुळे शब्दाबद्दल तो फार हळवा होता. साधं "उद्या येतंय" म्हणायलाही बिचकायचा. "बगतंय, जमला तर येतंय," म्हणायचा. एकदा मी चिडवलं, "गावकारानू, तुमी काय वकिलाकडे शिकलात?" तर म्हणाला, "माज्या तोंडातसून गेला, म्हणजे वाडयेच्या तोंडातसून गेला. म्हणान भियाक होता."

एका लग्नाला तो देवगडला गेला होता. तिथल्या पवनचक्क्या त्याने जवळून पाहिल्या आणि परत येताना थेट माझ्या दुकानात शिरला. फार खुशीत होता. म्हणाला, "वारो तो आमच्याच दर्याचो मा? मी थयल्या राखणदाराक इचारलंय, ही वीज खंय जाता? तो म्हणता, सगळ्यांच्या घराक जाता. मी म्हटलंय, मगे आमच्या कित्याक नाय?"

"मगे तो काय म्हणालो?"

"तो हसलो. चाय पाजल्यान माका. बरो माणूस होतो."

नवं शतक नुकतंच लागलं होतं. मोबाईल आले होते, पण सड्यावर उभं राहून हात उंच केला तरच रेंज मिळे. त्या सुमारास त्याच्या वाडीवर दिल्लीची योजना आली. ज्या वाड्यांवर खांब नेणं परवडत नाही त्यांना सूर्याची वीज. घरटी एक काच छपरावर, एक बॅटरी कोपऱ्यात, दोन दिवे. फुकट. योजना वाईट होती असं मी म्हणणार नाही. ज्याने ती दिल्लीत बसून आखली त्याच्या डोळ्यांपुढे काळोखात बसलेलं घर असणार. हंडा घेऊन चढणारी बाई नसणार, एवढंच.

काचा बसवायला आलेल्या पोरसवदा माणसाला यानं विचारलं, "ह्येच्यार मोटार चलात?"

"आजोबा, यावर दोन दिवे आणि फार तर एक रेडिओ."

"आणि मोटार व्हयी आसात तर?"

"मग खांबावरची वीज लागते."

हे त्याने मला येऊन सांगितलं, पण तक्रारीच्या सुरात नव्हे. "ह्या पयला," म्हणाला. "उजेड फुडे, पाणी मागसून."

उद्घाटनाला त्याने मला आग्रहाने बोलावलं. जिल्ह्याहून मोठे साहेब आले होते, घाटावरचे, हसतमुख, नुकतेच बदलून आलेले. त्यांना कोणीतरी गाऱ्हाण्याबद्दल सांगितलं होतं आणि त्यांना ते फार आवडलं होतं. बरोबर व्हिडिओवाला होता. साहेब याला म्हणाले, "आजोबा, तुमच्या पद्धतीनेच होऊ दे. देवाला सांगा, वाडीला वीज आली. आणि शेवटी एक वाक्य घाला, वाडीची मागणी पूर्ण झाली, असं. वर पाठवायला बरं पडतं."

याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि एकदा पाखाडीकडे. तिथे बायका होत्या, पाहुण्यांच्या चहासाठी पाणी आणत होत्या. मग त्याने नारळ ठेवला, डोळे मिटले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! आज तुज्या लेकरांच्या वाडयेर वीज इली म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"वाडवडलांपासून बसलेलो काळोख आज उठलो म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ज्येनी ही वीज आणल्यानी, तेंका सुखी ठेव म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथे तो थांबला. साहेबांनी मान हलवून त्याला धीर दिला.

"ह्या वाडयेचा मागणा आज पुरा झाला म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळी वाडी म्हणाली. सवयीने म्हणाली. गाऱ्हाण्यात मध्येच "नाय म्हाराजा" म्हणायची सोय आमच्या पूर्वजांनी ठेवलेली नाही. साहेबांनी टाळ्या वाजवल्या.

परत येताना मी त्याला फैलावर घेतलं. "पुरा झाला कसा म्हटलात? पाणी खंय आसा?"

तो चार पावलं माझ्या पुढे गेला. मग म्हणाला, "पावणो घराक इलो, हातात काय तरी घेवन इलो. तेका तोंडार सांगूचा, माका ह्या नको होता, ता होता?"

तुम्ही त्याला भोळा म्हणाल. मीही म्हणालो. पण आमच्याकडे दारात आलेल्याला असं बोलत नाहीत, आणि हे साहेबांना ठाऊक असण्याचं काही कारण नव्हतं.

दिवे लागले आणि पहिलं वर्ष त्या वाडीचं सोन्यासारखं गेलं. त्याच सुमारास भारनियमन सुरू झालं. तळेऱ्यात आम्ही संध्याकाळी मेणबत्त्या लावून बसायचो, माझं काम ठप्प, आणि सड्यावरची वाडी मात्र लांबून लुकलुकताना दिसायची. नाक्यावरचे लोक त्याला चिडवायचे, "गावकारानू, तुमचा बरा आसा, वायच उजेड आमकाय धाडा." तो मान खाली घालून हसायचा. त्याला ते आवडत होतं, खोटं का बोला.

मग बॅटऱ्या कुरकुरायला लागल्या. त्या बॅटरीत पाणी घालावं लागतं, आणि ते साधं नव्हे, दुकानात बाटलीत मिळतं ते. बसवणाऱ्याने हे एकदा सांगितलं होतं आणि तो पुन्हा फिरकला नव्हता. वाडीतल्या बायकांनी आपल्या विहिरीचं घातलं. इतकं गोड पाणी बॅटरीला का चालू नये, हे त्यांना कळेना. एकेका घरातला दिवा पिवळा पडला, मग गेला. हा माझ्याकडे बाटलीतल्या पाण्याची चौकशी करायला आला, बाकावर बसला आणि पोट धरून हसायला लागला.

"मिस्त्रीनू, आमी देवाकडे पाणी मागलंव. देवान दिवो दिल्यान. आता ह्यो दिवोच आमच्याकडे पाणी मागता!"

मीही हसलो. त्याला इतकं हसताना मी त्यानंतर पाहिलं नाही.

पुढच्या चतुर्थीला वाडीतले मुंबईचे लोक आले आणि त्यांनी ठरवलं की आता सगळ्यांनी मिळून विजेच्या हपिसात जायचं, दारात बसायचं, खांब घेतल्याशिवाय उठायचं नाही. चांगला विचार होता. पण वाडीतलं कुठलंही काम गावकाराने नारळ ठेवल्याशिवाय निघत नाही, आणि गावकार नारळ ठेवायला तयार होईना.

"देवाक सांगलंय, पुरा झाला म्हणान," तो म्हणाला. "आता तेच्याच फुड्यात नारळ ठेवन सांगू, नाय झाला म्हणान? मगे खोटो कोण, मी का देव?"

लोकांनी समजावलं, मग ओरडले, मग घाणेरडं बोलले. साहेबाने तुला काय दिलं, असंही एकाने विचारलं. हा अंगणात उभा राहून सगळं ऐकत होता. चतुर्थी संपली, मुंबईचे लोक मुंबईला गेले आणि हपिसात कोणीच गेलं नाही. वाडीतल्या काही घरांनी त्याला गाऱ्हाण्याला बोलवणं कमी केलं.

मला त्याचा राग यायचा. उघड सांगतो, संताप यायचा. एकदा दुकानात मी हातातला पाना आपटून म्हणालो, "सायबान सांगला म्हणान तुमी बोललात. तो काय तुमचो शब्द नाय."

"तोंड कोणाचा होता?"

"तुमचा."

"मगे शब्द माजोच."

असल्या माणसाशी काय वाद घालायचा? माझ्या दुकानात रोज दहा जण येतात, उद्या पैसे देतो म्हणतात आणि तोंड लपवतात. आणि हा माणूस दुसऱ्याने भरवलेलं एक वाक्य वर्षानुवर्षं डोक्यावर घेऊन फिरत होता. त्याच्या डोक्यावरचा हंडा तो, असं त्याला वाटत असावं. पण खरा हंडा त्याच्या बायकोच्या डोक्यावर होता आणि हे मला त्याला सांगायचं होतं. ते मी सांगण्याआधी पाखाडीनेच सांगितलं.

श्रावणात ती घसरली. पाखाडीवर शेवाळ होतं, डोक्यावर भरला हंडा होता. पाय मोडला. खुर्चीला बांबू बांधून तिला खाली आणलं आणि तालुक्याला नेऊन प्लास्टर घातलं. ती खाटेवर पडली, मुलगी लग्न होऊन लांब गेलेली, तेव्हा पाणी कोण आणणार? यानेच कावड खांद्यावर घेतली. देवापुढे उभा राहणारा माणूस बायकांच्या रांगेत विहिरीवर उभा राहतो, याचं लोकांना हसू आलं. काहींना आसुरी आनंदही झाला.

त्यानंतर तो दुकानात आला तेव्हा समोर नवीकोरी मोटार पडली होती. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही. पायाला फडकं बांधलेलं होतं.

"मिस्त्रीनू, पाखाडयेच्या मदी एक दगड हलता."

"मगे?"

"माका खबरच नाय होता. ल्हानपणापासून त्या पाखाडयेन जातंय येतंय, पण हात हालवत. ती लगीन होवन इल्यापासून त्या दगडार पाय ठेवता, डोक्यार हंडो घेवन. एकदाय माका सांगल्यान नाय."

"तुमी इचारलात कधी?"

"नाय."

तो रडला नाही, पण चहा तसाच ठेवून उठला. त्याचा चहा उरलेला मी पहिल्यांदा पाहिला.

दिवाळीनंतर गावच्या देवळातला पंखा जळाला म्हणून मला बोलावलं होतं. मी शिडीवर असताना हा आला, धुतलेलं धोतर नेसलेला. मागून काठी टेकत बायको. चार-पाच माणसं अजून होती. त्याला कौल घ्यायचा होता. तुमच्याकडे नसेल तर सांगतो. देवाच्या पाषाणाला ओल्या बोटाने फुलाचे कळे चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवा कळा पडला तर देवाचा होकार, डावा पडला तर नकार, आणि पडलाच नाही तर बसा ताटकळत. मी शिडीवरून उतरून एका बाजूला उभा राहिलो.

लोकांसाठी जन्मभर गाऱ्हाणी घातलेला तो माणूस स्वतःसाठी बोलायला लागला आणि त्याचा आवाजच लागेना.

"बा देवा म्हाराजा. तुज्या फुड्यात माज्या तोंडातसून एक शब्द गेलो. मागणा पुरा झाला, म्हणान मी सांगलंय. पुरा झाला नाय म्हाराजा. चुकी माजी, वाडयेची नाय. माका त्या शब्दातसून मोकळो कर म्हाराजा."

ह्याला "व्हय" म्हणायचं की नाही, हे जमलेल्यांना कळेना. तो हात जोडून वाट पाहत राहिला. मग मागून, काठी टेकून उभ्या असलेल्या त्याच्या बायकोचा आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

आमच्याकडे गाऱ्हाण्याला बाया उत्तर देत नाहीत. पुजाऱ्याने वळून पाहिलं आणि पुन्हा पाषाणाकडे तोंड केलं. थोड्या वेळाने उजवा कळा पडला.

देवाने सोडलं म्हटल्यावर तो दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आला. पांढरा सदरा, डोक्याला तेल. "हपिसात चला," म्हणाला. मी दुकान बंद केलं आणि त्याला स्कूटरवर मागे बसवलं. वाटभर तो काहीतरी पुटपुटत होता. हपिसात बोलायचं म्हणून तो शुद्ध मराठी घोकत होता, हे मला नंतर कळलं.

पहिले साहेब केव्हाच बदलून गेले होते. आताचा अधिकारी तरुण होता, आणि सांगायला हवं, सज्जन होता. त्याने आम्हाला बसायला सांगितलं. हा मात्र बसला नाही.

"साहेब, मी माझा शब्द परत घेण्यासाठी आलो आहे."

"कसला शब्द, काका?"

याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. ते गाऱ्हाणं, ते वाक्य, नारळ ठेवायला दिलेला नकार, पाखाडी, कौल. अधिकाऱ्याने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग कॉम्प्युटरवर काहीतरी पाहिलं आणि म्हणाला, "काका, तुमची वाडी दिल्लीच्या हिशेबात विद्युतीकरण झालेली वाडी आहे. ज्या दिवशी दिवे बसले त्या दिवशीच झाली. एकदा झालेली वाडी पुन्हा न झालेली करता येत नाही. वरून विचारतील, दिलेले दिवे कुठे गेले?"

"पण मी म्हटलं होतं म्हणून..."

"नाही, नाही. तुम्ही काय म्हणालात त्याचा इथे काही संबंधच नव्हता. तुम्ही तोंडही उघडलं नसतंत तरी हेच झालं असतं."

हा तसाच उभा होता. मग म्हणाला, "म्हणजे माझ्या शब्दाला काही किंमत नव्हती?"

त्या पोराला वाटलं, म्हातारा अपराधी मानतोय स्वतःला, त्याचं ओझं उतरवावं. तो उठून आला, याच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेने म्हणाला, "काहीच नव्हती, काका. तुम्ही उगाच इतकी वर्षं मनाला लावून घेतलंत."

मी आयुष्यात बरेच शॉक खाल्ले आहेत, धंदाच तसा. पण माणसाच्या तोंडावरून रंग असा उतरताना मी तेव्हाच पाहिला.

बाहेर येऊन तो आवारातल्या वडाखाली बसला. "देवान माका सोडल्यान," म्हणाला. मग सदऱ्याचं वरचं बटण सोडत, "ह्येंनी तर माका धरलेलाच नाय होता."

मी त्याला काय सांगणार? त्याने नारळ ठेवला असता आणि सगळी वाडी हपिसाच्या दारात बसली असती तर कदाचित खांब आले असते, कदाचित नसतेही. पण त्याने रोखून धरलं ते एका शब्दासाठी, आणि तो शब्द हपिसात कोणीच ऐकला नव्हता. व्हिडिओवाल्याच्या कॅसेटवर तो असेल कुठेतरी. माझ्या दुकानाच्या पत्र्यावरही आता एक काच आहे, भारनियमनात उपयोगी पडते. सूर्याला मी दोष देत नाही, तो बिचारा रोज येतो. मला राग आहे तो या हिशेबाचा, ज्यात घरात दिवा दिला की माणसाचं मागणं संपतं आणि तो दिवा विझला तरी ते संपलेलंच राहतं.

त्यानंतर त्याने गाऱ्हाणं घातलं नाही. जत्रेला त्याच्या पुतण्याने घातलं आणि हा खांबाला टेकून मागे उभा राहिला. "व्हय म्हाराजा" म्हणताना त्याचे ओठ हलत होते की नाही, हे मी मुद्दाम पाहिलं. हलत नव्हते. दुकानात यायचा, पण मोटारीबद्दल विचारायचा नाही. पाणी मात्र तोच आणायचा. बायको हिंडायला लागली तरी त्याने कावड सोडली नाही, आणि तो हलणारा दगड त्याने खाली चिपा मारून घट्ट केला, एवढं त्याच्या हातून झालं.

एका वैशाखात तो गेला. दोन दिवस ताप आला आणि आटपलं. त्याच्या शेवटच्या आंघोळीचं पाणीसुद्धा त्याच पाखाडीने वर आणावं लागलं. मी उशिरा पोचलो.

वर्षश्राद्धाच्या सुमारास मला पुन्हा वाडीवर बोलावणं आलं. ग्रामपंचायतीने पाखाडीच्या तोंडाशी एक दिव्याचा खांब उभा केला होता. वाडीला कधी खांब आला असेल तर तो हाच. वर सूर्याची काच, खाली बॅटरीची पेटी आणि पेटीवर रंगवलेलं त्याचं नाव. स्मरणार्थ. एक पुढारी आला होता. तो चांगलं बोलला, ऊर्जा, प्रगती, अखेरच्या माणसापर्यंत उजेड, आणि गावकारांचं स्वप्न आज पुरं झालं, असंही म्हणाला. टाळ्या झाल्या. दिवेलागणीची वेळ होती. त्यांनी त्याच्या बायकोला पुढे बोलावून बटण दाबायला लावलं.

दिवा लागला. पाखाडीची वरची पायरी, मग तिच्याखालची, मग पार वळणापर्यंत सगळ्या पायऱ्या पांढऱ्या उजेडात दिसायला लागल्या. ती काठी टेकून खाली बघत राहिली. पुढारी वाकून म्हणाला, "काकी, दोन शब्द बोला."

"बरा झाला," ती म्हणाली. "आता काळोख पडल्यारय एक खेप मारूक गावतली."

लोक पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, भिंतीकडेचा रिकामा हंडा तिच्यावर बसवला आणि एक हात काठीवर ठेवून खाली उतरू लागली.